पौषातले सोले

खरं सांगा, मागच्या महालक्ष्म्यांना तुमच्या पानातल्या सोळा भाज्यांत सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, होते का?

होते, तर दुसरा प्रश्न. भादव्यात ते आले कुठून? तुरीच्या ओल्या शेंगा पौषात हाती लागतात. भादव्यात तूर नुसती पाल्याची असते, तिनं फूलसुद्धा धरलेलं नसतं. तुमच्या आज्याचं वावर होतं. सुट्ट्यांत तुम्हीही धुऱ्यावर, बांधावर बसून शेंगा फोडून खाल्ल्या आहेत. मग टोपल्यात हिरवेगार दाणे दिसले तेव्हा तोंड का शिवलं गेलं होतं?

मी रागात लिहिते आहे हे कळलंच असेल. मला लिहिण्याचं शिक्षण नाही. मापात मारणाऱ्यांशी भांडता भांडता जेवढं आलं तेवढं आलं. अमरावतीच्या भाजीबाजारात मला पाहून काटे सरळ होतात, एवढी माझी कमाई आहे आणि ती मला पुरते. पण आज मला माझं काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते पौर्णिमेचं.

अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका खेड्यात ती राहते. आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसतं. घरची काळी जमीन, कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची तासं, नवरा बंडू वावरात. तो इतका कमी बोलतो की पाहुणे त्याला शेजारचा समजतात. आणि घरात शिरल्या शिरल्या, जिथं लोकांचा दिवाण असतो तिथं, एक भलामोठा डीप फ्रीजर. कुठल्यातरी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणलेला. त्यावर पौर्णिमेनं भरतकामाचा रुमाल टाकलेला. तिची सासू पार्वताबाई त्याला ‘पांढरी म्हैस’ म्हणायची. “आमच्या घरात पांढरी म्हैस बांदली हाय. सालभर लाईट खाते अन् उन्हाळ्यात दूध देते.”

दूध म्हणजे सोले. पौषात पहाटे शेंगा तोडायच्या, दुपारी सासू-सुनेनं अंगणात बसून सोलायच्या. दाणे फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात बुचकळायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, धोतरावर पसरून कोरडे करायचे आणि संध्याकाळच्या आत म्हशीच्या पोटात. पार्वताबाईची बोटं त्या दिवसांत काळीनिळी व्हायची. बोटं दाखवून ती म्हणायची, “पाहा वं, मेहंदी लागली मले.” लाईट गेली की दोघी मिळून फ्रीजरवर गोधड्या घालायच्या, लेकरू तापानं फणफणलंय असं. लाईट फारच वेळ गेली आणि दाणे नरम पडले, तर ते परत गोठवायचे नाहीत, त्या दिवशी घरात सोल्याची भाजी. हा पौर्णिमेचा कायदा होता. आणि प्रत्येक पाकिटावर जाड पेनानं ती स्वतःच्या अक्षरात लिहायची, ‘पौषातले सोले. गोठवलेले. पौर्णिमा.’

माझी तिची गाठ पडली ती भांडणातच. अमरावतीला बचत गटांचं प्रदर्शन होतं, चैत्राचे दिवस. तिच्या टेबलावरचं पाकीट उचलून मी वाचलं आणि पेटले.

“पौषातलं चैत्रात विकून राहिल्या? शिळं खाऊ घालता लोकाले?”

“वो बाई,” ती म्हणाली, “तुमच्या थैलीत काय हाय?”

“पालक. ताजी. आत्ता घेतली बाजारातून.”

“घेतली आत्ता. तोडली कवा?”

मी आवाज चढवला. तिनं माझ्यापेक्षा चढवला. माझ्या थैलीतली जुडी ओढून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. पालकानं मान टाकली होती.

“या पालकाचं मयत कवाच झालं बाप्पा! अन् तुमी इले ताजी म्हनता. माहे सोले मी जित्तेपणीच झोपवले. झोपलेलं उठते. मेलेलं उठते काय?”

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. भांडणात लोकांना हसवणारं दुसरं कुणी असलेलं मला खपत नाही, ते माझं काम आहे. मी तिचं एक पाकीट आणि माझी पालक घेतली, दोन्ही बर्फाच्या डब्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी अकोला गाठलं, तिला खोटं पाडायला.

अकोल्यात माझ्या ओळखीची प्रणाली आहे. तेल्हाऱ्याकडच्या शेतकरी घरातली पोरगी, आता आहारशास्त्र शिकवते. तिनं पाकीट फोडून दाणे बोटांनी दाबून पाहिले. मी म्हटलं, “सांग, शिळं आहे ना?”

“ताई, भाजी तोडली तरी ती श्वास घेत राहते,” ती म्हणाली. “झाडाकडून मिळणं बंद, मग स्वतःचं साठवलेलं खर्चत बसते. सगळ्यात आधी जातं ते क जीवनसत्त्व. उन्हात, हवेत, टेम्पोत. पालेभाजीचं तर फारच झपाट्यानं जातं.”

“आणि या सोल्यांचं जात नाही?”

“जातं ना. गरम पाण्यात बुडवलं तेव्हा थोडं गेलंच, ते मी लपवणार नाही. पण एकदा गोठलं की खर्च जवळपास थांबला. प्रथिनं, लोह, चोथा यांना तर थंडीनं विशेष फरकच पडत नाही.”

“मग चांगलं कोणतं? एकच सांग.”

“वावरातून तोडून त्याच दिवशी चुलीवर चढवली, तर ताजीच. तिच्यापुढे कोणी नाही. पण मंडीत थांबलेली, दुकानात पाणी मारलेली ताजी आणि या बाईचे सोले यांत निवडायचं तर मी हे सोले घेईन. एकदा बर्फ सुटला की परत मात्र गोठवायचे नाहीत, पोटाला बाधतं. आणि काकडी-टमाटे गोठवायच्या नादाला लागू देऊ नका तिला. चिखल होतो.”

“आणि माझी पालक?”

प्रणालीनं जुडीकडे पाहिलं. “ही गाईला घाला. गाईनं खाल्ली तर.”

मी अंजनगावची गाडी पकडली आणि हे सगळं पौर्णिमेला तिच्या अंगणात उभं राहून ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “मंग? मी येगळं काय म्हनलं होतं?” तेव्हापासून आमची मैत्री.

तिचा माल अमरावतीत विकायची साधना. साधना म्हणजे पौर्णिमेची सख्खी नणंद, पार्वताबाईची एकुलती लेक. बडनेरा रोडकडच्या एका कॉलनीत तिचं भाजीचं दुकान. साधनाची दोन्ही बाळंतपणं पौर्णिमेनं केली होती. तिची लेक पौर्णिमेलाच आधी आई म्हणायला शिकली, यावरून दोघी अजून एकमेकींना चिडवायच्या. त्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला साधनाचा फोन यायचा, “वहिनी, सारे खपले. पाठवा अजून.” पौर्णिमा फोन ठेवून गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, “अमरावतीचे लोकं माहे गोठवलेले सोले खाऊन राहिले! नाव वाचून!”

आषाढात ती मला म्हणाली, “गीताताई, माहं एकच म्हननं हाय. या वक्ती महालक्ष्म्यांच्या पानात माहे सोले पाहिजेत. चोरून नाही हं. सांगून. ‘हे पौर्णिमाचे, पौषातले’ असं कोनी बाईनं देवीपुढं म्हनावं. मंग मी जिंकली.”

नैवेद्याला गोठवलेलं? मला शंका होती. तिला नव्हती. “पापड कवा केला ते देवी इचारते काय? सांडगे उन्हाळ्यातले, लोणचं मागच्या सालचं. अन् माहेच सोले काहून शिळे?” तिनं फ्रीजरमधला सगळ्यात चांगला, कोवळा माल वेगळा काढला आणि साधनाकडे पाठवला.

महालक्ष्म्यांना मला जेवायला बोलावलं होतं बापूसाहेबांकडे. बापूसाहेब म्हणजे निवृत्त वकील, साधनाच्याच कॉलनीत राहणारे. त्यांच्या सुनेचं, रमाचं, गॅसच्या तक्रारीचं काम मी केलं होतं. सजावट सुंदर. आंबील, पुरण, फुलोरा आणि सोळा भाज्या. माझ्या पानात सोले-वांगं पडलं. एक घास घेतला आणि मी ओळखलं. तो गोडवा अंगणात बसून सोललेल्या शेंगेचाच. मला इतका आनंद झाला की मी जेवता जेवता विचारलं, “रमा, सोले कुणाचे?”

“साधनाकडचे,” रमा वाढता वाढता म्हणाली. “अगदी ताजे. सकाळीच वावरातून आले.”

हातातला घास मी पानात ठेवला. “भादव्यात?”

बापूसाहेब हसले. “अहो, आता काय, सगळं बाराही महिने मिळतं. आमच्या घरात मात्र बर्फातलं चालत नाही. नैवेद्याला तर नाहीच नाही. साधनाला पक्कं माहीत आहे ते.” आणि त्यांनी सोल्यांची भाजी परत मागून घेतली.

देवीपुढे भांडू नये एवढी अक्कल मला आहे. पण ते जेवण अंगी लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात. ओल्या पोत्यावर टोपलं, टोपल्यात पौर्णिमेचे सोले, सुटे, पाणी मारलेले. आणि त्यांत खोचलेल्या तुरीच्या हिरव्या डहाळ्या! शेंग नसली तरी पाला होताच भादव्यात. नुकतंच वावरातून आल्यासारखं टोपलं. मागच्या डब्यात फाडलेली पाकिटं, कोंबून.

“साधना, हे काय करून राहिली?”

ती घाबरली नाही. हसली. “ताई, पाकिटात कोनी घेत नाई. सुरवातीले आठ दिवस ठेवून पाह्यलं मी. हात लावत, वाचत अन् परत ठेवत. टोपल्यात टाकले, दोन काड्या खोचल्या, दुपारपर्यंत साफ. मी लबाड नाही ताई. गिऱ्हाईकाले तेच पाहिजे.”

“आणि संध्याकाळी उरतात ते?”

“ते परत फ्रीजात. फेकू काय?”

मी तिथंच पौर्णिमेला फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली.

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा तिथं आधीच गर्दी होती. रमा हातात डबा घेऊन उभी होती आणि तिच्यामागे बापूसाहेब. आदल्या दिवशी रमानं आणखी सोले नेले होते. ते आंबूस निघाले. तिच्या लहानग्या ईशाननं तसेच मूठभर तोंडात टाकले होते, पोर रात्रभर ओकत होतं.

“तू ताजे म्हणून दिलेस ना?” रमा रडकुंडीला आली होती. “मग हे काय आहे?”

साधनानं आमच्याकडे पाहिलं. पौर्णिमेला पाहून वहिनी मदतीला आली असं तिला वाटलं असेल, किंवा बळी सापडला असं. मग ती हात लांब करून म्हणाली, “याह्यले इचारा. ह्या माह्या वहिनी. यायनंच ताजे म्हणून देल्ले. मले काय माहीत बर्फातले हायेत ते?”

मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे. व्यापाऱ्यांचं, साहेबांचं, पुढाऱ्यांचं. त्या खोट्याला मी तोंड देऊ शकते. हे वेगळं होतं. ज्या बाईनं साधनाच्या लेकरांना पहिली अंघोळ घातली, त्यांच्या टाळूला तेल भरलं, तिच्याकडे ते बोट होतं.

आणि गल्लीतलं कुत्रं उठवणारी पौर्णिमा रमाकडे वळली, हळू आवाजात म्हणाली, “बाई, लेकराले कसं हाय आता?”

“आता बरं आहे. सलाइन नाही लागलं.”

“देव पावला.” मग तिनं टोपल्यातली एक डहाळी उचलली. “साधने, मी पाकिटात फक्त दाने भरतो वं. हे पानं कोन्या पाकिटातून निंघाले?”

साधनानं मान फिरवली.

एवढ्यात बापूसाहेब पुढे आले. त्यांचा चेहरा लाल. मला वाटलं, आता वकील बोलेल, आता खोट्याची उलटतपासणी होईल. ते पौर्णिमेला म्हणाले, “म्हणजे परवा नैवेद्याला होते ते बर्फातले होते?”

“हो जी. पौषातले. माह्या हातचे.”

“आमचा नैवेद्य बाटवलात तुम्ही.”

“तुमी दोनदा घेतले म्हने जी,” पौर्णिमा म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

मी मात्र भडकले. “बर्फानं नाही बाटवलं, बापूसाहेब! लबाडीनं बाटवलं. परवाचे खाऊन कुणाला काही झालं? कालचे सुटून परत गोठवले म्हणून पोराला बाधले. आणि ते हिनं गोठवले का? हिच्या पाकिटावर हिचं नाव असतं, महिना असतो. ते फाडून फेकलं कुणी?”

“तुम्ही मध्ये पडू नका,” ते म्हणाले. “बर्फातलं ते बर्फातलं.” आणि सून घेऊन निघून गेले. बाकीची गर्दीही पांगली. जाताना एक बाई साधनाला म्हणाली, “जपून वं, नातेवाइकांकडून माल घेऊच नये.” साधनाला! साधनाला धीर देऊन गेली ती.

एसटी स्टँडवर पौर्णिमा डहाळी फिरवत म्हणाली, “गीताताई, पूर्‍या कॉलनीनं खाल्ले. देवीनं खाल्ले. कोनाले कळलं नाई. म्हंजे चांगलेच होते ना?” आणि हसली. हसता हसता पदर तोंडात घातला.

तिला एकटीला सोडवेना. मीही गाडीत बसले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. दारातच पाय ओले झाले. फ्रीजरचं झाकण उघडं होतं, बटन बंद, वायर भिंतीपासून ओढून काढलेली. भरतकामाचा रुमाल पाण्यात पडला होता. आणि शेजारी, भिंतीला टेकून, पार्वताबाई.

साधनाचा फोन आमच्या आधी पोचला होता.

“आत्याबाई, हे काय केलं?” पौर्णिमेनं सासूला विचारलं.

म्हातारी वर पाहीना. पौषात काळीनिळी होणारी तिची बोटं मांडीवर एकात एक गुंतलेली. “पोरीचं दुकान बसलं तं ते माहेरी येईन. तिच्या सौंसारात काळं झालेलं मले नाई चालत. तू भांडशीन, जिंकशीन, अन् ते उघडी पडीन. नोको ते सोले अन् नोको तो धंदा.”

“मी काई लबाडी केली काय, आत्याबाई?”

“नाई,” पार्वताबाई म्हणाली. “तू नाई केली. तिनं केली, मले समजते. पण ते पोटची हाय.”

बंडू ओसरीवर उभा होता. त्यानं वायर पाहिली, आईला पाहिलं, बायकोला पाहिलं. मला वाटलं, याला गदागदा हलवावं. हलवून काय निघणार होतं?

पौर्णिमेनं फ्रीजरमध्ये हात घातला. सगळे दाणे नरम. परत गोठवायचे नाहीत, हा तिचाच कायदा. ती तिथंच ओल्या जमिनीवर बसली. थोड्या वेळानं उठली, लग्नातलं मोठं गंज, जेवणावळीचं पातेलं, काढलं, अंगणात चूल मांडली. लसूण, मिरची, वांगी. सोल्यांचा वास गल्लीभर गेला. मग तिला तिचा आवाज परत सापडला.

“या रे! पौर्णिमाचे सोले हायेत! पौषातले! बर्फातले! ज्याले चालतात त्यायनं या!”

गल्ली आली. वाट्या घेऊन, भाकरी घेऊन. बायका आल्या, लेकरं आली, देवळातला पुजारी बुधाजी महाराजही आला आणि रस्सा मागून घेतला. सगळ्यांना माहीत होतं काय खातोय ते. बोटं चाटून खाल्लं. पार्वताबाईला पौर्णिमेनं स्वतः वाटी नेऊन दिली. म्हातारीनं ती घेतली, पण खाल्ली की नाही ते मी पाहिलं नाही. फुकटच्या वाटीला सगळे आले. दुसऱ्या दिवशी ‘विकत घेतो’ म्हणायला एकही आला नाही.

हे झालं भादव्यात. आता पौष आहे. मी परवा जाऊन आले. तासातासांत शेंगा लोंबताहेत, पोपट टपून बसलेत. फ्रीजर जागेवर आहे, पण त्यात गोधड्या आहेत. पार्वताबाई म्हणाली, “म्हैस आटली.” कुणी हसलं नाही. साधनाचं दुकान झकास चालू आहे. बापूसाहेबांकडची भाजी तिथूनच येते, रोज पाणी मारलेली, रोज ‘सकाळीच वावरातून आलेली’.

मी पौर्णिमेला विचारलं, यंदा गोठवणार का? तिनं शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. “ताई, मले गोठवता येते. खरं लिवता येते. पण लोकाले ते वाचता येत नाई, त्याले मी काय करू? जवा कोनी नाव वाचून घेईन, तवा लावतो बटन.”

शेंगा माघापर्यंत आहेत. मग तूर वाळेल आणि हे वर्ष गेलंच.

म्हणून आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते मी हात जोडून नाही, डोळ्यांत पाहून करते आहे. उद्या भाजी घ्यायला जाल तेव्हा ‘ताजी आहे का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणायला कुणालाही जमतं. ‘तोडली कधी?’ असं विचारा. आणि समोरचीनं खरं सांगितलं, की चार दिवसांपूर्वी, की पौषात, की बर्फातली आहे, तर तोंड वाकडं करू नका. पाकीट परत ठेवू नका. तिचं नाव वाचा आणि घ्या.